तंजावरच्या रुमालांतील ठेवा



कुंभकोणमच्या पूर्वेस सुमारे सहा किलोमीटरांवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. तेथून त्याच लोहमार्गाने कुंभकोणम ओलांडून पश्चिमेकडे गेलात की तंजावर लागते. बहुतेक प्रवासी तेथील बृहदीश्वराचे भव्य मंदिर पाहून परततात. मात्र त्या मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ इतिहास आहे, आणि तो मराठीत आहे, हे किती जणांच्या ध्यानी येते? तमिळ मुलखाच्या मध्यभागी आपली भाषा दगडावर कशी उमटली?

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास राज्य स्थापिले. ते 1855 पर्यंत टिकले. पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म 1828 मध्ये कुंभकोणम येथीलच एका मराठी घराण्यात झाला. राज्य गेले, परंतु त्याची स्मृती कागदांत व ताडपत्रांत उरली.

ग्रंथसंग्रह

या स्मृतीचे मोठे भांडार म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. त्याचा आरंभ नायक राजांच्या काळी झाला. दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल 1798 ते 1832) यांनी त्यास आजचे वैभव दिले. राजांनी काशीयात्रेहून हस्तलिखिते आणविली, युरोपातून हजारो छापील ग्रंथ मागविले व त्यांपैकी अनेकांवर इंग्रजीत स्वतःची सही केली. 1918 मध्ये हा संग्रह जनतेस खुला झाला आणि 1983 मध्ये त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली.

येथील मराठी हस्तलिखिते तीन हजारांहून अधिक आहेत. शहाजी राजांची मराठी नाटके त्यांत आहेत. ती विष्णुदास भावे यांच्या 1843 मधील प्रयोगाच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची आहेत. सरफोजी राजांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त तर भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल सांगते! नेत्ररोग्यांच्या उपचारांची टिपणे आहेत व त्यांबरोबर डोळ्यांची चित्रेही आहेत. राजांच्या छापखान्यातून 1806 मध्ये इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बालबोधमुक्तावली’ प्रसिद्ध झाला. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपुरास 1805 मध्ये छापले गेले होते. म्हणजे मराठी मुद्रणाची ही दोन्ही आरंभीची पावले महाराष्ट्राबाहेर पडली.

न वाचलेले कागद

यांखेरीज तेथे राज्यकारभाराचे मोडी कागद आहेत. आपल्या दप्तरखान्यांत ज्यांना रुमाल म्हणतात तसे ते कापडात बांधलेले गठ्ठे असून त्यांची संख्या हजाराहून अधिक आहे. हिशेब, इनामे, नेमणुका, औषधांचा खर्च असे रोजचे जीवन त्यांत नोंदलेले आहे. यांपैकी काही कागदांचे वाचन 1981 मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने हाती घेतले आणि 1989 मध्ये त्यांचे तमिळ भाषांतर तीन खंडांत प्रसिद्ध केले. मराठ्यांचे कागद तमिळ अभ्यासकांनी परिश्रमपूर्वक वाचले, याबद्दल आपण कृतज्ञ असावे, आणि थोडे लज्जितही. मोडी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. कपाट उघडे असले तरी लिपी न जाणणाऱ्यास कागद मुकाच राहतो.

गुरू आणि शिष्य

ख्रिस्ती वाचकास या संग्रहाविषयी आपुलकी वाटावी असे आणखी एक कारण आहे. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ 1750 मध्ये समुद्रकाठच्या तरंगमबाडीस आले व पुढे तंजावरास राहिले. तुळजाजी राजांनी आपला दत्तक पुत्र सरफोजी यास त्यांच्या छायेखाली सोपविले. श्वार्ट्झ यांनी मुलाच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि त्याच्या हक्कासाठी कंपनी सरकारकडे रदबदली केली. 1798 च्या फेब्रुवारीत गुरूंचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्य गादीवर बसला. सरफोजी हिंदूच राहिले, परंतु गुरूंना ते पित्यासमान मानीत. त्यांनी इंग्लंडातील शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. मरणशय्येवरील गुरूजवळ उभा असलेला शिष्य त्यावर कोरलेला आहे. ज्ञानाची जी गोडी त्या बालकास लागली, तिचे दुसरे आणि अधिक बोलके स्मारक म्हणजे ते ग्रंथालय होय.

आपल्यासाठी बोध

कारावासात अखेरचे दिवस कंठीत असता पौलाने तीमथ्याकडून झग्याबरोबर पुस्तके व चर्मपत्रेही मागविली, हे आपण जाणतो. थंडीचे वस्त्र आणि लिखित शब्द, दोहोंची त्यास सारखीच गरज भासली. आपल्या मंडळ्यांची स्थिती काय आहे? बाप्तिस्म्याच्या व विवाहांच्या जुन्या नोंदवह्या, पाळकांची पत्रे, शाळांची हजेरीपुस्तके ओलसर कपाटांत वाळवीच्या स्वाधीन आहेत काय? तंजावरचे कागद वाचले, कारण कोणी ते बांधून ठेवले, कोणी यादी केली व कोणी लिपी शिकले. तिन्ही कामे साध्या माणसांना साध्य आहेत.

चिंतनासाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीतील सर्वांत जुनी नोंदवही कोणत्या वर्षाची आहे? ती कोठे व कशा स्थितीत आहे?
2. आपल्या घरी मोडीतील एखादा कागद आहे काय? तो कोणाकडून वाचून घेता येईल?
3. आपल्या तरुणांपैकी एकाने तरी मोडी शिकावी म्हणून मंडळी काय साहाय्य करील?