लेकरांचा न उतरणारा ताप : हृदय सांभाळा



एरवी या पानावर आम्ही लागण, खोडवा आणि खताच्या मात्रेविषयी लिहितो. या वेळी विषय घरातल्या लेकरांचा आहे.

कावासाकी नावाचा एक आजार आहे. जपानचे बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ साली पहिला रुग्ण पाहिला आणि १९६७ साली ५० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. २०२० साली करोनाच्या साथीत मुंबईतही काही मुलांत अशीच लक्षणे दिसली. आजार तसा विरळा, पण बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो.

लक्षणे : पाच दिवस वा अधिक ताप, चिपडाविना लाल डोळे, लाल फुटलेले ओठ व जीभ, अंगावर पुरळ, हातापायांना सूज, मानेत गाठ. पुढे बोटांची साल निघते. सगळी लक्षणे एकदम दिसतीलच असे नाही.

धोका काय? यात रक्तवाहिन्यांना आतून सूज येते. पाटाचा काठ कच्चा झाला की तिथे फुगवटा धरतो आणि संथ पाण्यात गाळ बसतो. तसेच हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगवटा येऊन गुठळी होऊ शकते. उपचार न झालेल्या सुमारे चारांपैकी एका मुलाला हा त्रास होतो.

रक्ततपासणीत सूज दाखवणारा सीआरपी वाढतो, एचडीएल म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल घटते आणि ट्रायग्लिसराइड वाढतात. हे तूप खाल्ल्याने नव्हे, सुजेमुळे होते. म्हणून आपल्या मनाने लेकराचे दूध-तूप तोडू नका. मात्र नुसत्या ब्रिक्सवरून उसाचे टनेज कळत नाही, तसा एवढ्यावरून निकाल लागत नाही. हृदयाची टू-डी इको सोनोग्राफी करावीच लागते, आणि काही आठवड्यांनी पुन्हाही.

तापाच्या पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले, तर धोका बराच कमी होतो. सोबतची ॲस्पिरीन डॉक्टरांनीच ठरवायची. घरी मुलाला कधीही देऊ नये. इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर गोवराची लस लांबवावी लागते, म्हणून लसीच्या वेळी हे अवश्य सांगावे. औषध महाग आहे. शासकीय योजनेतून मदत मिळते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

तोड चालू आहे, पाळीपत्रक आले आहे, उद्या बघू, असे म्हणू नका. तोडीची तारीख पुढे ढकलता येते. हे दहा दिवस ढकलता येत नाहीत. पाचव्या दिवशीही ताप असेल तर लेकराला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आपल्या फडावरच्या तोडणी कामगारांनाही हे सांगा. लेकरू त्यांचेही तेवढेच लाडके असते.