जुन्या पिकअपची चासी बदलावी का?

प्रश्न : माझ्याकडे १९६८ची विलीज पिकअप आहे. ती फार दणके देते. चासी आणि सस्पेन्शन नव्या गाडीचं बसवू का? – एक वाचक, बेंगळूरु

उत्तर : चासी बदलू नका. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. शिवाय पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या गाड्यांसाठी २०२१मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यांत बसत नाही.

दणक्यांवर उपाय मूळ रचनेतच आहे. सस्पेन्शनचे पाटे (लीफ स्प्रिंग) उतरवून सुटे करा. तडा गेलेला किंवा सपाट झालेला पाटा बदला, बाकीचे गंज काढून ग्रीस लावून जोडा. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, म्हणूनच गाडी उसळते. शॅकलपिना, बुश, यू-बोल्ट आणि शॉक अब्सॉर्बर नवे घाला. बेंगळूरुच्या जे. सी. रोडवर सुट्या भागांची चौकशी करा. पाट्यांवर वेल्डिंग मात्र कधीच नको. उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा तुटतो.

चासीचे दोन्ही कर्ण मोजा. ते समान नसतील तर चासी वाकलेली आहे. स्प्रिंग हँगरजवळचा गंज हातोडीने ठोकून तपासा. पत्रा पोकळ वाजला तर तेवढाच भाग कापून त्याच जाडीचा पत्रा जाणकार वेल्डरकडून बसवा.

गाडी उंच करण्याचा मोह टाळा. त्याने प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि वळणावर तोल जातो. इतक्या वर्षांची ही गाडी मूळ रूपातच जपण्यासारखी आहे.