शेतकऱ्यांची कंपनी आणि तिचा वकील

वकिलाचें नांव काढिलें म्हणजे आपल्या कास्तकार बंधूंच्या डोळ्यांपुढें कोर्टाची पायरी उभी राहते. परंतु कंपनीच्या वकिलाचें मुख्य काम कोर्टाबाहेरचें असतें, आणि तें जितकें आधीं करून घ्यावें तितकें स्वस्त पडतें.

सन २००२ च्या दुरुस्तीनें कंपनी कायद्यांत शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद झाली. २०२० च्या दुरुस्तीनें ती २०१३ च्या कायद्यांत आली. दहा शेतकरी मिळून अशी कंपनी काढूं शकतात. संचालक पांचांहून कमी व पंधरांहून अधिक नसावेत. सभासद व्यक्ति असल्यास, भाग कितीहि असोत, मत एकच. येथें वकिलाचें पहिलें काम नियमावलीचें. पुष्कळ ठिकाणीं शेजारच्या कंपनीची नियमावली उतरून घेतात व फक्त नांव बदलतात. ज्याचा धंदा कंपनीच्या धंद्याच्या आड येतो त्यास सभासद होतां येत नाहीं, असें कायदा सांगतो. मग गांवचा आडत्या सभासद होऊं पाहतो तेव्हां काय करावें, हें नियमावलींत स्पष्ट नसेल तर पहिल्याच हंगामांत तंटा उभा राहतो. सभासदांतील असा तंटा सलोख्यानें किंवा १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणें मिटवावयाचा असतो.

दुसरें काम कराराचें, आणि आमच्या मतें हेंच सर्वांत मोलाचें. सोयाबीनचा व्यवहार घ्या. ओलावा किती टक्क्यांपर्यंत चालेल, तो कोणाच्या यंत्रावर मोजावयाचा, वजनांतील तूट कोणाच्या माथीं, पैसे किती दिवसांत, वाद झाल्यास लवाद कोणत्या गांवीं बसावा, हें सारें गाडी भरण्यापूर्वीं लिहिलेलें पाहिजे. परप्रांतीय व्यापाऱ्याच्या छापील करारांत लवादाचें ठिकाण बहुधा त्याच्याच शहरीं असतें, व सही करतांना तिकडे कोणाचेंच लक्ष नसतें. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आंत लेखी नोटीस गेली पाहिजे. ती पोंचल्यावर पंधरा दिवसांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यांत फिर्याद. "शेठ देतो म्हणाले आहेत" या भरंवशावर ही मुदत टळते. मग तीन वर्षांच्या मुदतींतला दिवाणी दावा उरतो, आणि त्याचा खर्च व काळ निराळा. ज्यानें महसुलाच्या कचेरींत तारखांचीं दप्तरें वागविलीं, त्यास हें निराळें सांगावें लागत नाहीं.

वार्षिक पत्रकें भरणें हें हिशेबतपासनिसांचें व कंपनी सेक्रेटरींचें काम. तथापि वकिलानें संचालकांस धोका समजावून द्यावा. वार्षिक विवरण व ताळेबंद यांस उशीर झाल्यास प्रत्येकीं रोज शंभर रुपये ज्यादा फी बसते, म्हणजे दोहोंचे वर्षाकाठीं ७३,००० रुपये. सतत तीन वर्षें तीं न भरल्यास संचालक पांच वर्षेंपर्यंत त्या पदास अपात्र ठरतो. केवळ सहीपुरता संचालक झालेल्या साध्या शेतकऱ्यासहि हें लागू आहे.

भाव ठरविणें, माल केव्हां विकावा हें पाहणें वकिलाचें काम नव्हे, तें संचालकांचें. वकिली चालू असतां वकिलास पूर्ण वेळ पगारी नोकर राहतां येत नाहीं. म्हणून कामाची व्याप्ति व फी पत्रानें ठरवावी. तो कंपनीचा वकील असतो, अध्यक्षांचा नव्हे. अध्यक्षांच्या घरच्या वाटणीचा दावा त्याच्याचकडे असेल, तर ती गोष्ट संचालक मंडळाच्या इतिवृत्तांत नोंदवून घ्यावी.