पिशवीतला कार्बन

दुधाची रिकामी पिशवी फेकताना आपण नेमके काय फेकतो? चला, हिशेब करू.

पिशवी पॉलिथीनची असते. पॉलिथीनचा रेणू म्हणजे एक लांबलचक साखळी. तिच्या प्रत्येक दुव्यात एक कार्बन अणू व दोन हायड्रोजन अणू असतात. कार्बनचा अणुभार १२, हायड्रोजनचा १. म्हणजे वजनाच्या १४ भागांपैकी १२ भाग कार्बन! एक किलोग्रॅम पॉलिथीनमध्ये सुमारे ८५७ ग्रॅम कार्बन असतो. पुष्कळशा दगडी कोळशातही इतका नसतो.

ते जाळले तर हा सारा कार्बन ऑक्सिजनशी संयोग पावून सुमारे ३.१ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. पण हवाच मिळू दिली नाही तर?

बंद भट्टीत, नायट्रोजन वायूत, सुमारे ५००° सेल्सिअसला साखळ्या तुटतात व त्यांची वाफ होते. ही वाफ ७०० ते ८०० अंशांना लोखंडाच्या किंवा निकेलच्या अतिसूक्ष्म कणांवरून नेतात. तेथे हायड्रोजन सुटा होतो. कार्बनचे अणू धातूच्या कणावर जमतात आणि षट्कोनी जाळी विणत नळीच्या रूपाने बाहेर वाढतात. या नळ्यांची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास असते. अशा नळ्यांची रचना जपानचे सुमिओ इजिमा यांनी १९९१ साली जगापुढे मांडली.

त्यांचा उपयोग काय? इंधनघटात हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळते. त्यातील ऑक्सिजनची क्रिया मंद असते. ती जलद करण्यासाठी प्लॅटिनम हा महाग उत्प्रेरक वापरतात. परंतु नळीतील काही कार्बन अणूंच्या जागी नायट्रोजनचे अणू बसवले, की शेजारचे कार्बन अणू किंचित धनभारित होतात व ऑक्सिजनला धरतात. अशा नळ्या अल्कधर्मी द्रावणात प्लॅटिनमशी स्पर्धा करतात, हे २००९ साली अमेरिकेतील प्रयोगांत दिसले.

मग कचऱ्याचे ढीग अजून का दिसतात? भट्टीला ऊर्जा लागते. सगळा कार्बन नळ्यांत उतरत नाही, काही तेल व वायू होऊन निसटतो. शिवाय कचऱ्यात पीव्हीसी मिसळलेले असले, तर त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड धातूचे कण निकामी करतो. म्हणून पहिली पायरी प्रयोगशाळेत नसून तुमच्या घरात आहे: प्लॅस्टिक वेगवेगळे ठेवणे. मात्र ते घरी तापवून पाहू नका. धूर विषारी असतो.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. पॉलिस्टायरीनमध्ये जितके कार्बन अणू तितकेच हायड्रोजन अणू असतात. त्यात शेकडा किती कार्बन? (उत्तर : सुमारे ९२.)