प्रिंटर अडला, तर घाई नको

खात्याचे विवरण छापताना प्रिंटर थांबल्यास प्रथम वीजजोडणी, केबल व कागद तपासावा. छपाईच्या रांगेत अडकलेली कामे रद्द करून प्रिंटर व संगणक पुन्हा सुरू करावेत. बहुधा एवढ्याने काम भागते.

न भागल्यास मदतीचा क्रमांक प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला क्रमांक ठकसेनाचाही असू शकतो. दुरुस्तीच्या निमित्ताने तो संगणकाचा ताबा मागतो व आपल्या खात्यापर्यंत पोहोचतो. देशातील पहिले सायबर गुन्हे पोलीस ठाणे २००१ मध्ये संगणकनगरी बंगळुरूतच स्थापन झाले. जाणकारांच्या शहरालाही त्याची गरज भासली, हे ध्यानी ठेवावे.

फसवणूक झाल्यास संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. त्वरा केल्यास रक्कम वाटेतच रोखली जाऊ शकते.