बुडालेल्या जहाजातील विटा

शेवगावापासून समुद्र सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. तेव्हा बुडालेल्या जहाजांशी आपला संबंध काय, असे आपल्यापैकी कोणी विचारील. त्याचे उत्तर नाथसागराच्या काठी आहे. पण आधी गोव्याला जाऊ.

गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली सुंची नावाचा खडक आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तेथे बुड्या मारल्या, तेव्हा सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले : लोखंडी तोफा, नांगर, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात. सोने नाही! पण पाणघोडा आफ्रिकेतला आणि भांडी चीनची. दोन्ही एकाच ठिकाणी सापडली, म्हणून त्या काळच्या व्यापाराचा पसारा कळतो. तेच दात कोणी उचलून बाजारात विकले असते, तर ते नुसते दात उरले असते.

सेंट जॉर्ज खडकाजवळील दुसऱ्या जहाजात तर विटा, कौले आणि नळ होते. त्यांवर 'बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५' असा ठसा आहे. मात्र जहाज १८६५ साली बुडाले, असे घाईने म्हणू नका. ते मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचे वर्ष आहे. जहाज त्यानंतर केव्हातरी बुडाले, एवढेच सिद्ध होते.

याउलट १७५२ साली बुडालेल्या 'खेल्डरमाल्सेन' या डच जहाजाची गोष्ट. त्यातील हजारो चिनी भांडी आणि सोन्याच्या विटा १९८६ साली आम्स्टरडॅमला लिलावात विकल्या गेल्या. माल जगभर पांगला. जहाजाच्या सांगाड्याची नीट नोंद मात्र झालीच नाही.

वस्तू वर काढणे हेही जोखमीचेच. समुद्रातील लोखंडात क्षार मुरलेले असतात. तोफ उन्हात वाळवली की क्षारांचे स्फटिक बनतात, गंज भराभर वाढतो आणि तिचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून ती अल्कधर्मी द्रावणात महिनोन्महिने बुडवून ठेवून आतले क्षार काढावे लागतात. तशी सोय नसेल, तर ती समुद्रातच बरी.

आता कायदा. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परदेशी विकण्यास खाजगी व्यक्तींना मनाई केली. जुन्या कारागिरीची साक्ष देणारी साधी वीटही त्यात बसू शकते.

युनेस्कोचा २००१ चा करार पाण्याखालच्या वारशासाठी आहे. पण वस्तू निदान शंभर वर्षे पाण्यात असावी लागते. जायकवाडीचे धरण १९७६ चे. म्हणजे नाथसागरात बुडालेल्या आपल्या गावांना त्या व्याख्येत बसायला २०७६ साल उजाडेल! आपला १९७२ चा कायदा मात्र वस्तू पाण्यात किती वर्षे होती हे विचारीत नाही; तिचे वय विचारतो. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर गाळात एखादी कोरीव शिळा दिसली, तर ती हलवू नका. जागा लिहून घ्या, शेजारी काय आहे तेही टिपा आणि तहसील कचेरीत कळवा.