उन्हाळ्यातील परसबाग : झाडे जपा, तळपायही जपा

उन्हाळा लागला की वरठी-भंडारा भागात दुपारी रस्ते ओस पडतात. अशा दिवसांत मनाला गारवा देणारा साधा छंद म्हणजे परसबाग. पाणी घातल्यावर येणारा मातीचा वास आणि सायंकाळी उमलणारा मोगरा यांना मोल नाही. वाकणे, झारी उचलणे यांमुळे शरीरालाही हलका व्यायाम होतो. मात्र थोडी काळजी हवी.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एक आजी दवाखान्यात आल्या. त्यांना मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली होती. भर दुपारी कुंडीतली झाडे मलूल दिसली म्हणून त्या अनवाणीच स्लॅबवर गेल्या आणि पाणी घालून खाली आल्या. त्यांना चटका जाणवलाच नाही. सायंकाळी नातीने पाहिले, तर दोन्ही तळपायांना मोठे फोड! जखमा भरायला दोन महिने लागले.

असे का झाले? जुन्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात. पाय भाजतो, पण मेंदूपर्यंत वेदना पोहोचत नाही. शिवाय अशा जखमा लवकर भरत नाहीत आणि चिघळल्यास पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

मुळात दुपारी पाणी घालण्याची गरजच नसते. कडक उन्हात पाने माना टाकतात. मुळाशी ओल असेल तर सायंकाळी ती आपोआप सावरतात. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) बागकाम सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करावे. कुंडीत तणस पसरल्यास ओल टिकते. भेंडी, चवळी, दोडका उन्हाळ्यातही येतात.

२) पायात चप्पल, डोक्याला दुपट्टा असावा. मधुमेहींनी रोज रात्री तळपाय तपासावेत.

३) काम करण्यापूर्वी व नंतर पाणी प्यावे. रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, तसेच हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

४) कुंडीखालच्या ताटल्या, कूलर व टाके आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावेत. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही.

५) माती हाताळताना काटा किंवा खिळा लागल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

उन्हात कुणी बरळू लागले, अंग तापून शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. त्यांना सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ वर फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

त्या आजींनी मोगरा सोडला नाही. आता त्या सकाळी सहाला, चप्पल घालून झाडांना पाणी देतात. आपणही तसेच करावे.